बिगोनियाचे एक पान

आमच्या घरी प्रथमच येणाऱ्या पाहुण्यांची दृष्टी खिडकीपाशी ठेवलेल्या पसरट कुंडीकडे गेली की बहुधा एकच प्रश्न येतो, "हे फूल कोणते हो?" मी म्हणते, "फूल नव्हे, पान आहे ते." मग पाहुणे उठून जवळ जातात. तळहाताहून थोडे मोठे पान. मध्यभागी गर्द जांभळट रंग, त्याभोवती नुकत्याच उजळलेल्या चांदीच्या भांड्यासारखा पट्टा, त्याच्या बाहेर हिरवा आणि अगदी काठाला पुन्हा वांगी रंगाची किनार. पान हलकेच उलटून पाहावे तर पाठ तांबडी. एका बाईंनी तर बोटांनी चाचपून ते कापडाचे नाही ना, याची खात्री करून घेतली होती.

हा बिगोनिया. थंडीच्या दिवसांत बागेच्या वाफ्यांतून लाल-गुलाबी फुलांचा जो बुटका बिगोनिया लावतात, तो बहुतेकांच्या ओळखीचा असतो. आमच्या कुंडीतला त्याचाच भाऊबंद खरा. परंतु याचे सारे वैभव पानांत. फुले येतात ती फिकट, लहान आणि थोडी. ती नसली तरी कोणास चुकल्यासारखे वाटणार नाही. "हे डोंगरातले झाड आहे, दिल्लीत टिकायचे नाही," असे मला रोपवाटिकांतील माळ्यांनी अनेकदा सांगितले आहे, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही आमच्या घराण्यात हे झाड साठ वर्षे आहे. मध्यंतरी ते एकदा मेले. आणि मेले ते माझ्या निष्काळजीपणामुळे नव्हे, माझ्या काळजीमुळे. ती हकीकत सांगावी, आणि तिच्यातून जे शिकावयास मिळाले तेही सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

बिगोनिया हे नाव परके वाटते, आणि ते आहेही परके. सतराव्या शतकाच्या अखेरीस वेस्ट इंडीज बेटांत वनस्पती गोळा करीत हिंडणाऱ्या शार्ल प्लूमिए नावाच्या एका फ्रेंच ख्रिस्ती साधूने मिशेल बेगाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावावरून ते ठेवले. आज बिगोनियाच्या दोन हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या तिन्ही खंडांतील उष्ण व दमट अरण्यांत त्या वाढतात. परंतु रंगीत पानांच्या बिगोनियांचा जो मूळ पुरुष, तो मात्र आपल्या देशातला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आसामच्या अरण्यातून त्याची रोपे युरोपात गेली आणि १८५७ साली बेल्जियममध्ये त्याला 'बिगोनिया रेक्स' हे शास्त्रीय नाव मिळाले. 'रेक्स' म्हणजे राजा. पुढे तिकडच्या बागवानांनी त्याचे इतर जातींशी संकर करून शेकडो प्रकार निपजवले : चंदेरी, तांबडे, काळपट, आणि काही तर गोगलगाईच्या शंखासारखा पानाला पीळ पडलेले. आपण आज रोपवाटिकेतून जे झाड विलायती म्हणून हौसेने विकत आणतो, त्याचे माहेर बहुधा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात असते.

भारतात बिगोनियाच्या पन्नासांहून अधिक जाती आढळतात आणि त्यांतील बहुतेक ईशान्येकडील राज्यांत आहेत. सिक्कीममध्ये काही जातींची आंबट देठे लोणच्या-चटणीतही घालतात. नेपाळी भाषेत त्यांना 'मगरकाँचे' म्हणतात. (ओळख पटल्यावाचून कोणतीही जात तोंडात घालू नये, हे येथेच सांगून ठेवते. हा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा असतो आणि शोभेची झाडे खाण्याची नव्हेत.) आपला सह्याद्रीही या बाबतीत अगदीच कोरडा नाही. माझे माहेर सावंतवाडीचे. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात गेले की शेवाळलेल्या ओल्या कातळांवर गुलाबी फुलांचा एक नाजूक बिगोनिया उगवलेला दिसतो. त्याचे पान देठाच्या एका अंगाला मोठे आणि दुसऱ्या अंगाला लहान असते. ही असमान पानाची खूण बिगोनियाच्या साऱ्या गोतावळ्यात सापडते. लहानपणी आम्हांला त्याचे नाव ठाऊक नव्हते. दसरा उलटून कातळ सुकले की ते इवलेसे झाड दिसेनासे होई, आणि त्याचा कंद कातळाच्या भेगेत पुढच्या आषाढाची वाट पाहत पडून राही.

त्या कातळावरच्या झाडाकडे मी तेव्हा नीट पाहिले असते, तर पुढचा माझा अपराध टळला असता. त्याला काय लागते ते सर्व तेथे उघड दिसत होते. वर गर्द झाडीची सावली. भोवती धुके आणि तुषार, म्हणजे हवा सदैव ओली. आणि पायाखाली मात्र कातळ, ज्यावरून पाणी वाहून जाते, थांबत नाही. चहूकडे पाणी असावे आणि मुळाशी ते साचू नये, हे बिगोनियाचे सारे गुपित आहे.

पानांचे रंगही त्या सावलीशी जोडलेले आहेत. पानाचा रुपेरी भाग म्हणजे चंदेरी रंग नव्हे. तेथे वरच्या पातळ त्वचेच्या आणि खालच्या हिरव्या पेशींच्या मध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांवरून प्रकाश परततो आणि आपणांस चांदी दिसते. तांबडा आणि जांभळा रंग मात्र खराखुरा रंगद्रव्याचा. जांभळाच्या सालीत जे असते त्याच वर्गातले ते द्रव्य. काही बिगोनियांची पाने मंद उजेडात मोरपिसासारखी निळी चमकतात. २०१६ साली ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले की या पानांतील हरितकणांत थरांची एक विशेष नियमित रचना असते. तिच्यामुळे निळा प्रकाश परततो, आणि अरण्याच्या तळाशी पोहोचणारा हिरवा-तांबडा प्रकाश अधिक चांगला वापरता येऊन अन्ननिर्मिती पाच ते दहा टक्क्यांनी वाढते. ज्या झाडाने काळोखात जगण्यासाठी एवढी कला साधली, त्याला दुपारच्या उन्हात ठेवणे म्हणजे मंद समईच्या प्रकाशात वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर आरसा धरण्यासारखे आहे.

आता अशा झाडाला दिल्ली कशी मानवावी? दिल्लीत वर्षाला सुमारे ७७ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जुलैपासून सप्टेंबरपर्यंतच्या तीन महिन्यांत. एप्रिल-मे मध्ये लू सुरू झाली की सकाळी धुतलेला पलंगपोस घटकाभरात पापडासारखा वाळतो. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस सफदरजंग येथील वेधशाळेत ४६.८ अंश तापमानाची नोंद झाली. याच शहरात जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो. बिगोनियाला पंधरा ते सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची ऊब आणि ओली हवा प्रिय. असे दिवस दिल्लीत वर्षातून मोजकेच. उरलेल्या काळात ते आपणच घरात निर्माण करावे लागतात.

माझ्या सासूबाई ते निर्माण करीत. १९६१ साली त्या पुण्याहून दिल्लीस आल्या. सासरे केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीस होते. १९६४ साली त्यांच्या एका स्नेह्याने कालिंपाँगहून येताना हे रोप ओल्या शेवाळात गुंडाळून आणले आणि सासूबाईंच्या हाती दिले. पुढे घरे बदलली, सासरे गेले, माझ्या यजमानांना दक्षिण दिल्लीतील एका सरकारी वसाहतीत तळमजल्याचे घर मिळाले. बिगोनिया प्रत्येक वेळी मांडीवर घेऊन सासूबाई नव्या घरी आल्या. मी १९८४ साली या घरात सून म्हणून आले, तेव्हा कुंडी उत्तरेकडच्या ओसरीत, जांभळाच्या जुन्या झाडाच्या सावलीत होती. खाली परातीत गोटे आणि पाणी, गोट्यांवर कुंडी. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या भिजवीत, त्यांचा गारवा झाडाला लागे, परंतु वारा थेट लागू देत नसत.

सासूबाई झाडाचे विशेष कौतुक करीत आहेत असे कधी दिसले नाही. सकाळी पूजा आटोपली की त्या कुंडीतल्या मातीत बोटाचे एक पेर घालून पाहत. कोरडे लागले तर पाणी, ओले लागले तर तशाच माघारी. मी नवी असताना एकदा म्हटले, "आई, आज झाडाला पाणी घालायचे राहिले." त्या म्हणाल्या, "राहिले नाही, घातले नाही." या दोन शब्दप्रयोगांतील अंतर समजावयास मला वीस वर्षे लागली.

त्यांचा आणखी एक परिपाठ होता. दर वर्षी श्रावणात त्या झाडाची एक-दोन पाने कापून कोणाला तरी देत. शेजारच्या पंजाबी बाई, वरच्या मजल्यावरच्या बंगाली बौदी, पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात भेटणाऱ्या मैत्रिणी, असे कोणीही. नुसते पान देऊन त्या थांबत नसत. ते कसे लावावयाचे ते सांगत, आणि पुढच्या श्रावणात झाड कसे आहे ते पाहावयास जात. मला ते उगाच वाटे. भरलेली कुंडी उघडी करून असे वाटीत का सुटावे? एकदा तसे बोललेही. त्या म्हणाल्या, "अगं, एकाच घरात ठेवलेले झाड एका उन्हाळ्यात जाते."

२००३ साली मार्गशीर्षात सासूबाई गेल्या. त्यांच्या वस्तू वाटल्या गेल्या. नणंदेने पाटल्या नेल्या, धाकट्या जावेने देवघरातील समया मागितल्या. मी काही मागितले नाही, कारण मला हवी असलेली वस्तू ओसरीतच होती. त्या कुंडीशी मी अशी वागू लागले की जणू सासूबाईच तेथे बसल्या आहेत. २००४ चा उन्हाळा आला. ऊन वाढू लागले तसा माझा जीव वर-खाली होऊ लागला. पान जरा मलूल दिसले की मी पाणी घाली. सकाळी घाली, दुपारी कामे आटोपली की घाली, संध्याकाळी पानांवर शिंपडी. मोठ्या माणसाचे झाड, उपाशी राहता कामा नये. मातीत बोट घालून पाहण्याचे मला सुचले नाही. पाने अधिकच मलूल झाली, म्हणून मी पाणी आणखी वाढवले.

मलूल पानाची दोन कारणे असतात आणि ती दिसावयास सारखीच. मुळांना पाणी मिळाले नाही की पान मान टाकते. आणि पाण्यात बुडून मुळे कुजली, म्हणजे त्यांना पाणी ओढताच येईनासे झाले, की तेव्हाही पान मान टाकते. पहिल्याला पाणी हे औषध, दुसऱ्याला विष. मे महिन्याच्या अखेरीस एके सकाळी मी पानाला हात लावला तर ते देठासकट हातात आले. मातीवर आडवे पसरलेले जाड खोड दाबून पाहिले, तर आतून पिकलेल्या केळ्यासारखे मऊ. चाळीस वर्षे चाललेले झाड मी सहा महिन्यांत संपवले होते.

यजमानांनी समजूत घातली, "दुसरे आणू." दुसरे आणता आले असते. परंतु मी घरात कोणाशी धड बोलले नाही. आषाढ गेला, श्रावण लागला. एका दुपारी मला एकाएकी बौदींची आठवण झाली. त्या आमच्या वरच्या मजल्यावरून चित्तरंजन पार्कमध्ये राहावयास जाऊन सात-आठ वर्षे झाली होती. जाताना सासूबाईंनी दिलेल्या पानाची कुंडी त्यांच्या सामानात होती. ती आता असेल का? विचारावयाचे धैर्य होईना, कारण विचारले की माझ्या हातून काय घडले तेही सांगावे लागणार. शेवटी गेले.

बौदींच्या घरी उत्तरेच्या खिडकीत तीन कुंड्या होत्या. तोच चंदेरी पट्टा, तीच वांगी किनार. मी सारे सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग हसून म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई दर वर्षी श्रावणात येऊन तपासून जात. मागच्या वर्षी माझ्या एका कुंडीत पाणी जास्त झाले होते, तर बोलणी खावी लागली. त्या भीतीनेच ही झाडे जगली." त्यांनी एक चांगले पान निवडून कापले, ओल्या कागदात गुंडाळले आणि माझ्या हाती दिले. परतताना बसमध्ये मी ते मांडीवर धरून बसले होते. आदल्या हिवाळ्यात एका ओळखीच्या बाईंनी माझ्याकडे या झाडाचे पान मागितले होते आणि ही आईंची आठवण म्हणून मी ते नाकारले होते, हे मला त्या बसमध्ये आठवले.

पानापासून झाड करणे कठीण नाही. जुलै-ऑगस्टचे दिवस त्याला उत्तम, कारण तेव्हा हवेत ऊबही असते आणि ओलही. पान पूर्ण वाढलेले असावे, परंतु जून झालेले नसावे. देठ अंगठ्याएवढा ठेवून बाकीचा कापून टाकावा. पान उलटे करून पाठीवरच्या जाड शिरा स्वच्छ पात्याने चार-पाच ठिकाणी आडव्या छेदाव्यात. पसरट कुंडीत धुतलेली वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग मिसळून ओला करावा. मुठीत दाबला असता पाणी गळू नये इतकाच ओला. त्यावर पान सुलटे पसरावे, देठ मातीत खोचावा आणि छेद मातीला टेकून राहतील अशा बेताने दोन-चार खडे वर ठेवावेत. वरून काच किंवा पारदर्शक प्लास्टिक झाकावे, आणि रोज थोडा वेळ काढून हवा खेळू द्यावी. कुंडी उजेडात ठेवावी, उन्हात ठेवू नये. तीन-चार आठवड्यांत छेदांपाशी मुळे फुटतात आणि दीड-दोन महिन्यांत त्याच जागी मुगाच्या दाण्याएवढी पाने डोकावू लागतात. प्रत्येक रोपाला दोन-तीन पाने आली की ती अलगद वेगळी करावीत. मूळ पान तोवर सुकून कागदासारखे झालेले असते.

अशा प्रकारे झालेले रोप हे त्या झाडाचे अपत्य नसते. ते तेच झाड असते. बियांपासून केलेल्या संकरित बिगोनियात रंग बदलतात, पानापासून केलेल्यात सहसा बदलत नाहीत. त्यामुळे १९६४ साली कालिंपाँगहून आलेलेच झाड आज माझ्या खिडकीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ते फक्त मध्ये काही वर्षे चित्तरंजन पार्कमध्ये राहून आले.

त्यानंतर मी जी वहिवाट पाळली ती थोडक्यात सांगते. उत्तर भारतात कोठेही ती थोड्याफार फरकाने लागू पडावी.

कुंडी खोल नको, पसरट हवी. बिगोनियाची मुळे वरच्यावरच असतात. दोन भाग पालापाचोळ्याचे कुजलेले खत, एक भाग जाड वाळू, थोडे जुने शेणखत आणि मूठभर कोळशाचा चुरा असे मिश्रण मला मानवले आहे. कुंडीच्या तळाशी छिद्रावर खापऱ्या ठेवाव्यात. आडवे पसरणारे खोड मातीत पुरू नये, वर उघडे राहू द्यावे. पाणी बोट घालून पाहिल्यावाचून घालू नये, आणि घालावयाचे ते पानांवर नव्हे, मातीत. खालच्या परातीतील पाणी गोट्यांच्या खाली राहावे, कुंडीच्या बुडाला लागू नये. दिल्लीच्या बऱ्याच भागांत नळाचे पाणी जड असते, त्याने कुंडीच्या काठावर पांढरे क्षार चढतात. पावसाचे पाणी साठवून वापरता आले तर उत्तम. आता घरोघरी वातानुकूलन यंत्रे झाली आहेत; त्यांतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार नसतात, मी तेही स्वच्छ भांड्यात धरून वापरते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नवे पान फुटू लागले की पंधरा दिवसांतून एकदा पातळ खत द्यावे, सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मे. एप्रिलपासून जूनपर्यंत झाड नुसते टिकले तरी पुष्कळ. या काळात खत देऊ नये. वाळ्याच्या कूलरच्या खोलीत, परंतु झोतापासून दूर, ही त्याची उन्हाळ्यातील जागा. पाऊस आला की झाड खरे आनंदात येते. तेव्हाच हवा खेळती नसेल तर पानांवर भुरी धरते, म्हणून कुंड्यांत अंतर ठेवावे आणि भुरी धरलेले पान लगेच काढून टाकावे. देठांच्या बेचक्यांत कापसासारखे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण समजावेत. ते ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपून काढावेत. हिवाळ्यात कुंडी रात्री खिडकीच्या काचेपासून आत घ्यावी. त्या दिवसांत दिल्लीच्या हवेतील धूळ आणि काजळी पानांवर बसते. पान लवदार असल्यामुळे ओल्या फडक्याने पुसता येत नाही, मऊ कोरड्या कुंचल्याने झाडावे. डिसेंबर-जानेवारीत काही पाने गळतात, कधी जवळजवळ सारीच. झाड मेले असे समजून अनेक जण या वेळी कुंडी टाकून देतात. खोड बोटाला टणक लागत असेल तर झाड जिवंत आहे. पाणी अगदी बेताने द्यावे आणि वाट पाहावी. आंबोलीचा बिगोनिया आठ महिने वाट पाहतो, आपणांस दोन महिने पाहावयास हरकत नाही.

२०१७ साली यजमान सेवानिवृत्त झाले आणि आम्ही सरकारी घर सोडून नोएडात नवव्या मजल्यावर राहावयास आलो. दक्षिण दिल्लीतील सात जुन्या सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय त्यापूर्वीच, २०१६ मध्ये झाला होता. २०१८ च्या जूनमध्ये सरोजिनीनगर, नेताजीनगर या भागांतील मोठी झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून दिल्लीकर रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोडीस स्थगिती दिली. त्या बातम्या वाचताना मला आमच्या ओसरीवरचे जांभूळ डोळ्यांपुढे दिसे. जांभळाला मांडीवर घेऊन नव्या घरी येता येत नाही. त्याची सावली जेथे पडते तेथेच घेता येते. आणि त्या सावलीवाचून आमच्या बिगोनियाची पहिली वर्षे गेली नसती, हे मी विसरू शकत नाही.

नवव्या मजल्यावर ना ओसरी, ना झाड. बाल्कनी पश्चिमेची, दुपारी तव्यासारखी तापणारी. पहिल्या उन्हाळ्यात कुंडी घेऊन मी घरभर हिंडले. शेवटी कपडे धुण्याच्या जागेशेजारी एक उत्तरेची लहानशी खिडकी सापडली. तेथे दिवसभर मंद उजेड असतो, आणि बादल्या-पाण्यामुळे हवाही ओलसर. उन्हाळाभर झाड तेथे असते. पाऊस सुरू झाला की त्याला बैठकीत आणते, पाहुण्यांनी फूल समजावे म्हणून.

पाने आता मीही देते. आमच्या इमारतीत निरनिराळ्या प्रांतांची कुटुंबे आहेत. आजवर एक पान लखनौच्या कुटुंबाकडे गेले, एक केरळच्या परिचारिकेकडे, एक चौथीतल्या एका मुलीकडे. तिला शाळेसाठी प्रयोग करावयाचा होता. बौदी आज हयात नाहीत, परंतु त्यांच्या सुनेकडे दोन कुंड्या आहेत. माझ्या मुलीने बंगळूरला एक पान नेले. तेथील हवा या झाडाला इतकी मानवली की तिची कुंडी माझ्या कुंडीच्या दुप्पट झाली आहे, आणि हे ती मला दर आठवड्याला दूरध्वनीवरून ऐकवते. २०२४ च्या त्या उन्हाळ्यात माझे झाड पुन्हा एकदा जाण्याच्या बेतात आले होते. एकच पान उरले होते. या वेळी मी पाणी वाढवले नाही. सकाळी मातीत बोट घालून पाहिले, ओले लागले, आणि माघारी आले. झोप मात्र लागली शांत, कारण झाड आता एकाच घरात नव्हते.

गेल्या श्रावणात खालच्या मजल्यावर नव्याने राहावयास आलेल्या नागपूरच्या एका मुलीला मी पान दिले. तिचे लग्न होऊन सहाच महिने झाले आहेत, दिल्लीकडचा उन्हाळा तिने अजून पाहिलेला नाही. परवा ती जिन्यात भेटली आणि उत्साहाने सांगू लागली की रोपाला ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. मी तिला काही बोलले नाही. फक्त एवढेच सांगितले, की उद्या सकाळी पूजा आटोपली की मी झाड तपासावयास येत आहे.